लाईन क्लिअर मी दिली नाही

राहूत, म्हणजे माझ्या गावात, मला अजूनही मास्तर म्हणतात. नव्या पोरांना वाटतं, मी शाळेत शिकवायचो. मी स्टेशनमास्तर होतो, तोही दौंडच्या पुढच्या एका लहान स्टेशनावर. दिवसातून चार पॅसेंजर थांबायच्या, बाकीच्या गाड्या धूळ उडवत निघून जायच्या. राहायला मात्र आम्ही दौंडलाच होतो, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. मी, ही, आणि आमची एकुलती एक लेक.

दौंडहून नगरकडं जाणारा मार्ग तेव्हा एकेरी होता. ज्या रुळावरून गाडी जायची त्याच रुळावरून समोरची यायची. म्हणून गाडी सोडण्याआधी पुढच्या स्टेशनला विचारावं लागे. टेबलावरच्या यंत्राची घंटा वाजवायची, फोन उचलायचा आणि म्हणायचं, "लाईन क्लिअर?" पलीकडचा मास्तर मधल्या टप्प्यात गाडी नाही याची खात्री करायचा आणि म्हणायचा, "दिली." मग यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर निघे. तो चामडी पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला, आणि ते कडं ड्रायव्हरच्या हातात. कडं मिळाल्याशिवाय गाडी जागची हलायची नाही, मग आत कुणी का बसलेलं असेना.

ज्या म्हाताऱ्या मास्तरांच्या हाताखाली मी काम शिकलो, ते सांगायचे की त्याही आधी यंत्रं नव्हती, तेव्हा हे सगळं कागदावर लिहून देत. त्या कागदालाच लाईन क्लिअर म्हणत. इंग्रज गेला, कागद गेला, शब्द राहिला. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट बजावली होती. "लाईन क्लिअर ही तुझी मेहरबानी न्हाई. रूळ मोकळा असंल तर ती द्यावीच लागती. न्हाई दिली तर का न्हाई दिली, ते रजिस्टरात लिवावं लागतं. आन् खाली सही."

मी तेहतीस वर्षं नोकरी केली. कारण न लिहिता कधी लाईन क्लिअर नाकारली नाही. नोकरीत तरी नाही.

रेल्वे कॉलनीत हे दोन शब्द स्टेशनातच थांबत नसत. क्वार्टरच्या मागं संडासांची रांग होती. सकाळी डबा हातात घेऊन माणूस लांबूनच ओरडायचा, "लाईन क्लिअर हाय का?" माझे सासरे मांडवगण फराट्याचे शेतकरी. त्यांचा रेल्वेशी संबंध काय तो जावयापुरता, पण हा शब्द त्यांना इतका आवडला की विहिरीवर वीज आली तरी ते म्हणायचे, "लायनकिलेर झाली बघा!" मेव्हणीची पत्रिका जुळली तेव्हा त्यांनी तेच लिहून कार्ड टाकलं होतं. पाटसच्या कारखान्यावर उसाच्या गाड्या रांगेत उभ्या असायच्या, तिथले ट्रॅक्टरवालेही नंबर लागला की तेच म्हणत. पंचायतीच्या निवडणुकीत कुणी माघार घेतली की दुसऱ्याची लाईन क्लिअर. कॉलनीतली टारगट पोरं मुलीच्या बाबतीत बोलायची. तिच्यामागं भाऊबिऊ कोणी नाही ना, मग लाईन क्लिअर. ते कानावर पडलं की मला राग यायचा. आमची लेक मोठी होत होती.

ती लहान असताना ही फरशी पुसायची आणि लेक उंबऱ्यावर एक पाय उचलून उभी राहायची. "आई, लाईन किलिअल?" तिला र म्हणता येत नव्हता. ही हसत हसत म्हणायची, "थांब, अजून ओलं आहे." आणि ती थांबायची. शेजारची पोरं धावत यायची, घसरून पडायची. आमची लेक नाही. सांगितलं की थांबायची. मला तिच्या त्या गुणाचं फार कौतुक होतं.

आता त्या माणसाबद्दल सांगतो.

आमच्या टप्प्यात एक कीमन होता. कीमन म्हणजे रोज सकाळी आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासणारा माणूस. खांद्यावर हातोडा, हातात लाल आणि हिरवं निशाण. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची, कुठं तडा दिसला तर धावत येऊन सांगायचं. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. बौद्ध समाजाचा, दौंडलाच राहणारा. उन्हात चालून चालून त्याच्या कातडीला रुळाचाच रंग आला होता. स्टेशनात येऊन तो दारातून सांगायचा, "मास्तर, समदं बेस हाय." त्या चार शब्दांवर मी गाड्या सोडल्या. हजारो माणसांच्या गाड्या. एकदाही मला असं वाटलं नाही की आपण स्वतः जाऊन बघावं.

त्याला मी चहा द्यायचो. तो बाहेरच्या बाकावर बसून प्यायचा. आत ये, असं मी कधी म्हटलं नाही आणि तोही आला नाही. याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

त्याचा मुलगा आणि आमची लेक एकाच शाळेत होते. पुढं दोघंही केमिस्ट्री घेऊन बीएस्सी झाले. दोघांनाही कुरकुंभच्या एमआयडीसीत नोकरी लागली, एकाच कंपनीत नाही, पण बस एकच. तो मुलगा शांत होता. बसमध्ये पुस्तक वाचायचा म्हणे. लेक चोवीस वर्षांची झाली, स्थळं बघायचं आम्ही बोलू लागलो, तेव्हा एका संध्याकाळी ती माझ्यासमोर येऊन बसली.

"अण्णा, मला लग्न करायचंय, पण स्थळं बघू नका."

तिनं नाव सांगितलं. ही पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं.

"मुलगा चांगला आहे," ती म्हणाली. "तुम्ही त्याच्या वडलांना ओळखता. पळून वगैरे मी जाणार नाही. तुम्ही हो म्हणालात तरच."

"आणि नाही म्हणालो तर?"

"तर थांबेन."

मी म्हणालो, बघू. ते बघू मी आठ महिने म्हणत राहिलो. राहूला भाऊ होते, चुलते होते. चुलत भावाला कारखान्याच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं. मी एकदा आडून आडून विषय काढला तर थोरला भाऊ म्हणाला, "तुला काय करायचं ते कर, पर मग गावात यायचं न्हाई." तो एवढंच बोलला आणि धारेला निघून गेला. मला तेवढं पुरलं.

मग एका रविवारी कीमन स्वतः आला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात नवी चप्पल. बरोबर कोणी नाही. हिनं त्याला आत बोलावलं, खुर्ची दिली. आमच्या खुर्चीवर तो पहिल्यांदाच बसला होता, तोही अगदी कडेला. लेक आतल्या खोलीत होती, मध्ये पडदा. चहा झाला. पाऊसपाणी, बदल्या, पेन्शन असं बोलणं झालं. मग तो म्हणाला,

"मास्तर, पोरं मोठी झाली. त्यांनी त्यांचं ठरवलंय. तुमी हो म्हणावं म्हणून आलोय. माझं घर लहान हाय, पर तुमच्या लेकीला काय कमी पडू देणार न्हाई."

मी खूप वेळ कपाकडं बघत होतो. सरळ नाही म्हणायचं धाडस झालं नाही. आणि तोंडातून निघालं ते आमच्या नोकरीतलं वाक्य. कदाचित ते हलकं वाटेल असं मला वाटलं असेल.

"सध्या लाईन क्लिअर नाही."

त्याला वाटलं असावं, आम्ही दुसरीकडं बोलणी लावलीत. त्यानं अगदी साधेपणानं विचारलं, "पुढं दुसरी गाडी हाय का, मास्तर?"

"नाही."

"मग?"

मी काहीच बोललो नाही. बाहेर शंटिंगचं इंजिन मागं-पुढं करत होतं, त्याचा आवाज येत राहिला. ही दारात उभी होती. माझ्याकडं बघत होती.

कीमन उठला. कप-बशी उचलून त्यानं स्वतःच मोरीत नेऊन ठेवली. ही "राहू द्या, राहू द्या" म्हणत पुढं झाली, पण त्यानं ठेवलीच. दाराशी चपला घालताना तो म्हणाला, "रजिस्टरात कारण लिवावं लागतं ना, मास्तर?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखा स्टेशनाच्या दारात आला आणि म्हणाला, "समदं बेस हाय." पण त्या दिवसापासून त्यानं माझा चहा घेतला नाही. बाकावर बसायचा, पाणी प्यायचा आणि जायचा. त्याच्या निवृत्तीपर्यंत, तीन वर्षं.

लेकीनं भांडण केलं नाही. जेवण सोडलं नाही. तिनं कुरकुंभची नोकरी सोडली आणि रांजणगावला एका औषधांच्या कंपनीत लागली, शिरूरला खोली घेऊन राहिली. त्या बसमध्ये तिला आता बसवत नसणार, हे मला उशिरा समजलं. तेव्हा वाटलं, बरं झालं, लांब गेली, विसरेल. स्थळं आणत राहिलो. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "अण्णा, मी सांगितलंय ना, थांबेन." चार वर्षं ती थांबली. तोही थांबला.

या चार वर्षांत माझ्या हातात होतं. कोणत्याही दिवशी एसटीत बसून शिरूरला जायचं आणि दोन शब्द बोलायचे. मी आज-उद्या करत राहिलो. चुलत भाऊ निवडणूक हरला, तरी मी गेलो नाही. थोरला भाऊ वारला, तरी नाही. तोवर नाही म्हणण्याचीच सवय झाली होती.

मग त्या मुलाची आई आजारी पडली. घरात करणारं कोणी नव्हतं आणि आईला डोळ्यांदेखत सून हवी होती. त्याचं लग्न ठरलं. कीमननं मला पत्रिका पाठवली. पाकिटावर माझ्या नावाऐवजी नुसतं 'मास्तर' आणि क्वार्टरचा नंबर.

मी गेलो नाही. लेक गेली. शिरूरहून परस्पर दौंडला आली, मोतिया रंगाची साडी नेसून लग्नाला गेली आणि दुपारी घरी आली. हिनं तिला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "कसं झालं गं?"

"छान झालं. नवरी गोड आहे. जेवणात बुंदी होती."

आणि साडी बदलायला आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. ही दारापर्यंत गेली, हात वर केला, पण दार वाजवलं नाही. परत येऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तुमच्या हातात होतं." लग्नाच्या तीस वर्षांत ती मला इतकं कडक काही बोलली नव्हती. पुढंही त्या विषयावर बोलली नाही. पण आमच्या घरात 'लाईन क्लिअर' हे शब्द त्यानंतर कोणी उच्चारले नाहीत. ठरवून नाही, तसं होऊन गेलं. मोरी मोकळी आहे का, असं आम्ही विचारू लागलो.

मी निवृत्त झालो. यंत्रं निघाली, गोळे आणि वेताची कडी भंगारात गेली, मार्गाची कामं सुरू झाली. पाच वर्षांपूर्वी ही गेली. शेवटचा महिनाभर लेकीनं रजा काढून तिचं सगळं केलं. ही तिचा हात धरून पडून असायची. मी जवळ गेलो की माझाही हात धरायची, पण माझा लवकर सोडायची. हे मी मनाचं सांगत नाही.

त्यानंतर लेक मला शिरूरला घेऊन आली. दोन खोल्यांचा फ्लॅट. ती आता पंचेचाळिशीकडं आली आहे. कंपनीत मोठ्या पदावर आहे, हाताखाली माणसं आहेत. सकाळी सहाला तिची बस येते. जाण्याआधी माझ्या गोळ्या वाटीत काढून ठेवते, भाजी झाकून ठेवते. आम्ही दुधाबद्दल बोलतो, पाण्याच्या टाकीबद्दल बोलतो, माझ्या गुडघ्याबद्दल बोलतो.

शिरूरच्या स्टँडवर मी संध्याकाळी जाऊन बसतो. तिथं हे शब्द मला पुन्हा भेटले. बिहारकडची कामगार पोरं फोनवर कोणाला तरी सांगतात, "हाँ भाई, लाइन क्लियर है, आ जा." खोली मिळाली, ठेकेदारानं होकार दिला, काहीही असेल. त्यांना वेताचं कडं माहीत नाही, आणि माहीत असायचं काही कारणही नाही.

एकदा लेक जेवताना फोनवर कंपनीतल्या कोणाशी तरी बोलत होती. "लाईन क्लिअरन्स झाल्याशिवाय मशीन सुरू करू नका," ती म्हणाली. माझा घास हातातच राहिला. फोन ठेवल्यावर मी विचारलं, हे काय असतं?

तिनं नीट समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. पॅकिंगची लाईन असते. एका औषधाची बॅच संपली की दुसरी लावायच्या आधी सगळं तपासायचं. आधीच्या बॅचची एक गोळी, एक लेबल, झाकणाचा एक तुकडासुद्धा कुठं अडकून राहिला नाही ना. पट्ट्याखाली, कोपऱ्यात, मशीनच्या आत. मग फॉर्मवर सही. "ती सही माझी असते," ती म्हणाली. "काही राहून गेलं तर पुढची सगळी बॅच फुकट जाते."

मला तिला काहीतरी विचारायचं होतं. विचारलं नाही. तिनं मला अजून थोडा भात वाढला.

गेल्या उन्हाळ्यात कीमन वारला. बातमी लेकीनंच सांगितली. तिच्याबरोबर कुरकुंभला काम केलेली एक बाई तिला अधूनमधून फोन करते. मी म्हणालो, मी जातो. ती म्हणाली, "जा." एसटीनं न्हावरे, चौफुला, पाटस करत दौंडला उतरलो. घर विचारत विचारत गेलो. ज्या माणसावर तेहतीस वर्षांतली निम्मी वर्षं डोळे झाकून विश्वास ठेवला, त्याचं घर मला माहीत नव्हतं.

तो मुलगा, म्हणजे आता केस पांढरे झालेला माणूस, मला बघून उठला. माझा हात धरून मला आत नेलं, पंख्याखाली बसवलं. भिंतीवर कीमनचा फोटो होता, रेल्वेच्या निळ्या शर्टातला. मुलाच्या बायकोनं पाणी आणलं. मी पाणी प्यायलो आणि म्हणालो, "मी फार उशीर केला. तुझ्या वडलांची माफी मागायची होती."

"बाबा तुमच्याबद्दल कधी वाईट बोलले नाहीत," तो म्हणाला. "एकदाच म्हणाले होते. मास्तर माणूस चांगला, पर भित्रा."

मी मान हलवली. दुसरं काय करणार?

निघताना तो दारापर्यंत आला. "ती कशी..." असं म्हणाला आणि थांबला. आत त्याची बायको कप गोळा करत होती. मी म्हणालो, "बरी आहे." तो म्हणाला, "हां." आणि मला स्टँडपर्यंत स्कूटरवर सोडायला निघाला. स्टँडवर त्यानं माझ्यासाठी खिडकीची जागा धरली.

शिरूरला पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. लेक नुकतीच आली होती, ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. मी चप्पलही काढली नाही. तिथंच उभा राहून तिला सगळं सांगितलं, तो काय म्हणाला ते, भित्रा म्हणाले तेही. मग म्हणालो, "चूक माझी होती. कारण काही नव्हतं गं. एकही कारण नव्हतं."

ती मेथी निवडत राहिली. "मला माहीत आहे, अण्णा. त्या दिवशी पडद्यामागं मी तेवढंच ऐकत होते. तुम्ही काय कारण सांगता ते. काहीतरी सांगितलं असतं ना तुम्ही, जातीचं, भावकीचं, कसलंही, तर मी बाहेर येऊन भांडले असते. माझ्याकडं उत्तरं तयार होती. तुम्ही काही बोललाच नाहीत. मग मी भांडू कशाशी?"

"तू निघून का नाही गेलीस?" हा प्रश्न विचारायचा मला काय हक्क होता, पण विचारला.

"शब्द दिला होता. आणि खरं सांगू? मला वाटायचं, तुम्ही याल. दर रविवारी सकाळी वाटायचं. खोली झाडून ठेवायचे." तिनं मेथीची एक काडी बाजूला टाकली. "पहिली दोन वर्षं. मग नुसतीच झाडायचे."

आणि मग ती रडायला लागली. लग्नाच्या दिवशी नाही, आईच्या वेळी माझ्यासमोर नाही, आज मेथीची जुडी हातात धरून रडली. तोंडावर हात घेतला नाही. मोठ्या माणसासारखं आवाज दाबून रडणं तिला जमत असेल असं मला वाटलं होतं. ते तिला जमत नव्हतं.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो आणि भांगात पांढरे केस दिसले. किती दिवसांपासून होते कोण जाणे. हात तसाच राहिला. मग मी खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. दुसरी खुर्ची घेऊन शेजारी बसलो. गॅसवर डाळ होती, ती खाली लागायला लागली, वास सुटला. ती उठू लागली तर मी म्हणालो, "बस तू." मी जाऊन गॅस बंद केला.